पहिल्या डी अँड डी सेशनला जाण्याआधी काय काय तयारी करायची

मित्राने मेसेज टाकला की रविवारी डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ) खेळतोय, एक जागा रिकामी आहे, येतोस का, आणि तुम्ही हो म्हणून बसलात, आता पुढे काय करायचं ते कळत नाहीये, तर हे तुमच्यासाठी. बरेच जण इथून थेट यूट्यूबवर जातात, तिथे व्हॉइस अ‍ॅक्टर लोक तासन् तास आवाज बदलून बोलतात, रडतात, हसतात, ते बघून माणूस एक तर घाबरतो नाहीतर महागडे फासे ऑर्डर करतो. दोन्हीची गरज नाही हो. माझ्या मते चांगला खेळाडू तो ज्याचं डोकं टेबलवर मोकळं असतं, दुसरा काय बोलतोय ते ऐकायला. तयारी करायची ती एवढ्यासाठी, नटून जाण्यासाठी नाही.

सगळ्यात आधी डीएमला मेसेज करा. डीएम म्हणजे डन्जन मास्टर, गोष्ट चालवणारा, राक्षस त्याचे, दुकानदार त्याचा, पाऊस पडला तर तोही त्याचाच. त्याला किंवा तिला विचारा की नेमकं काय खेळतोय, कितवी लेव्हल, एका बैठकीत संपणार की महिनोन् महिने चालणार, आणि मूड कसा आहे, हसतखेळत की गंभीर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ ला काढला, तेव्हापासून त्याच्या इतक्या आवृत्त्या झाल्यात की नुसतं डी अँड डी म्हटल्याने काहीच कळत नाही. २०१४ ची पाचवी आवृत्ती अजून खूप ठिकाणी चालते, २०२४ ला तिचेच नियम सुधारून नवीन पुस्तक आलं, दोन्हीत बारीकसारीक फरक आहेत, तुम्ही एक वाचून गेलात आणि टेबलवर दुसरं चालू असेल तर पहिला अर्धा तास त्यातच जातो. पुस्तक लगेच विकत घेऊ नका, बेसिक नियम फुकट मिळतात, शिवाय पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे कुणीही फुकट वापरावा अशा परवान्याखाली, खुला केलाय, सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

आणि कदाचित तो डी अँड डी नसेलच, लोक सगळ्यालाच डी अँड डी म्हणतात. कॉल ऑफ कथुल्हू असेल (हा १९८१ चा), तर तिथे पात्रं साधी माणसं असतात, प्रोफेसर, पत्रकार वगैरे, एक ते शंभरमध्ये आकडा काढायचा आणि तो आपल्या स्किलपेक्षा जास्त गेला की काम फसलं, शिवाय भयानक काही बघितलं की वेड लागायची सोय. तिथे राक्षस दिसला की तलवार उपसून धावणारा माणूस फार टिकत नाही. उलट ब्लेड्स इन द डार्कमध्ये दरोड्याचा प्लॅन आधी तासभर करत बसणंच चुकीचं, कारण तिथे मध्येच फ्लॅशबॅक टाकून "या पहारेकऱ्याला मी कालच पैसे चारलेत" असं म्हणायची मुभा नियमातच दिलीय. म्हणून आधी विचारा. एका टेबलवर ज्याला हुशारी म्हणतात त्याच गोष्टीने दुसऱ्या टेबलवर सगळे वैतागतात.

बरं, आता कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे सगळे आकडे लिहायचा कागद, आणि इथे जरा जास्त वेळ घालवा कारण नव्या माणसाची सगळी धांदल इथेच होते. समजा तुम्ही पहिल्या लेव्हलचा रोग घेतलात, म्हणजे चोर, डेक्स्टेरिटी (चपळाई) १६. सोळाचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) होतो +३, पहिल्या लेव्हलला प्रोफिशियन्सी बोनस (जे काम शिकलेलं आहे त्याचा जादा आकडा) +२, म्हणजे रेपियरने, त्या पातळ तलवारीने, वार करताना वीस बाजूंच्या फाशात +५ मिळवायचे. हे +५ शीटवर ठळक लिहून ठेवा. लागलं तर डॅमेज डी८ (आठ बाजूंचा फासा) अधिक ३, लक्षात घ्या इथे पाच नाही तीनच, प्रोफिशियन्सी डॅमेजला लागत नाही, सगळे नवे लोक इथे अडकतात. लेदर आर्मर घातलंय तर ११ अधिक ३, आर्मर क्लास १४ (तुम्हाला वार लागायला समोरच्याला एवढा आकडा काढावा लागतो), तेही लिहा. मग दर वेळी डीएमकडे बघून "कुठला आकडा मिळवू" विचारावं लागत नाही.

मग आपल्या क्लासची (पात्राचा प्रकार, रोग, फायटर वगैरे) एक खासियत नीट वाचा, फक्त एक. रोगची स्नीक अटॅक, पहिल्या लेव्हलला एक जादा डी६ डॅमेज, पण कधी, तर तुम्हाला अ‍ॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायची सोय) असेल तेव्हा किंवा ज्याला मारताय त्याच्या पाच फुटांत आपला कुणी साथीदार उभा असेल तेव्हा. म्हणजे एकटाच अंधारात पुढे पळणारा चोर दिसायला भारी असला तरी बऱ्याचदा निम्मी ताकद घरी ठेवून येतो, फायटर, म्हणजे लढवय्या, ज्याच्याशी भिडलाय त्यालाच मागून टोचायचं असतं, आणि त्यासाठी फायटर कुठे उभा आहे ते बघावं लागतं. जादूवाला घेतला असेल तर प्रत्येक स्पेल छोट्या चिठ्ठीवर उतरवा, किती लांब जातो, समोरच्याने सेव्ह (बचावाचा फासा) कशाचा करायचा, आणि कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला लक्ष धरून ठेवणं) लागतं का, हे शेवटचं लाल पेनाने. एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशनवाला स्पेल चालतो. तुम्ही क्लेरिक (देवाच्या नावाने जादू करणारा) आहात, तिघांवर ब्लेस (फाशात डी४ मिळवून देणारा आशीर्वाद) टाकलाय, मध्येच हौस म्हणून दुसरा तसलाच स्पेल टाकलात की ब्लेस गेला, तिघांचाही डी४ गेला आणि तिघंही तुमच्याकडे बघतायत. फायरबॉल पहिल्या लेव्हलला मिळत नाही, पण मिळेल तेव्हासाठी सांगून ठेवतो, तो वीस फूट रेडियसचा असतो आणि त्याला मित्र-शत्रू काही कळत नाही.

बॅकस्टोरी, म्हणजे पात्राची आधीची गोष्ट. दहा पानं लिहू नका प्लीज. डीएम पाच जणांचं वाचणार, वर गोष्ट पण तयार करणार, नोकरी पण करणार. अर्धं पान बास, आणि त्यात डीएमला हाताशी धरता येईल असं काहीतरी असू द्या, एखादी जिवंत व्यक्ती जिची तुमच्या पात्राला काळजी आहे, एक गोष्ट जी त्याला हवीय, एक गोष्ट जी त्याला जमत नाही. आईवडील जिवंत ठेवा हो! प्रत्येक नवा खेळाडू गाव जाळून, घरातले सगळे मारून, काळा झगा घालून कोपऱ्यात बसलेला माणूस घेऊन येतो, आणि मग डीएमकडे धरायला काही उरतच नाही. कर्जबाजारी भाऊ, लग्नाच्या मागे लागलेली आत्या, ज्याच्याकडून उधार घेतलंय तो सावकार, यातून दहा सेशन निघतात. आणि पहिल्या लेव्हलच्या पात्राने ड्रॅगन मारलेला नसतो, एवढं भान ठेवा.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचं पात्र बाकीच्यांबरोबर का जातंय याचं उत्तर घरूनच घेऊन या. "मी कशाला जाऊ तुमच्याबरोबर" म्हणणारं पात्र आणून मग बाकी चौघांनी तासभर मनधरणी करायची, हा प्रकार सगळ्यात कंटाळवाणा. कारण साधं असलं तरी चालेल, पैसे हवेत, क्लेरिक बालमैत्रीण आहे, एकट्याला जंगलात भीती वाटते. तसंच पार्टीतल्याच, म्हणजे आपल्याच टोळीतल्या माणसाचा खिसा कापायचा, ज्या राजाकडे काम मागायला गेलो त्यालाच शिवी द्यायची आणि वर "माझं कॅरेक्टर असंच वागणार ना" म्हणायचं. अरे पण ते कॅरेक्टर बनवलं कुणी? चोर घ्या, खुशाल घ्या, पण मित्रांना न लुबाडणारा चोर.

सेशन झीरो, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीची बोलाचालीची बैठक, असेल तर चुकवू नका. त्यात फासे फार पडत नाहीत म्हणून लोक हलक्यात घेतात, पण गोष्टीत काय असावं काय नसावं ते तिथेच ठरतं. रॉन एडवर्ड्सची लाइन्स आणि व्हेल्सची पद्धत बऱ्याच टेबलांवर वापरतात, लाइन म्हणजे ती गोष्ट खेळात येणारच नाही, व्हेल म्हणजे घडली तरी पडद्याआड, वर्णन नाही. जॉन स्टाव्रोपोलस यांचं एक्स कार्ड पण असतं, टेबलवर एक्स लिहिलेला कागद ठेवायचा, कुणाला एखादा प्रसंग नको वाटला तर त्याला हात लावायचा, तो भाग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. तुम्हाला काय चालणार नाही ते घरी विचार करून जा, कोळी, लहान मुलांना होणारा त्रास, हॉस्पिटलमधले सीन, काहीही. ऐन वेळी सगळ्यांसमोर सुचत नाही आणि सुचलं तरी बोलवत नाही.

बॅगेत काय टाकायचं ते पटकन. सात फाशांचा सेट (डी४, डी६, डी८, डी१०, टक्केवारीचा डी१०, डी१२, डी२०), नसेल तर कुणाचा तरी घ्या, पण फोनचं अ‍ॅप चालेल का ते आधी विचारा, काही टेबलांवर खरेच फासे लागतात. पेन्सिल आणि खोडरबर, पेन नको, हिट पॉइंट (पात्राचा जीव किती उरलाय ते) सारखे बदलतात. रफ वही, पाण्याची बाटली, चार्जर. फासे टाकायला एखादं पसरट ताट आणि आत रुमाल, नाहीतर स्टीलच्या ताटाचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. खाण्याचं काहीतरी न्या, डीएमला खर्चात पाडू नका, पण भजी आणि कॅरेक्टर शीट एका टेबलवर ठेवू नका, शीट पारदर्शक होते.

टेबलवर बसल्यावर आपली पाळी येण्याआधी काय करायचं ते ठरवून ठेवा. पाच खेळाडू आणि डीएम, प्रत्येकाने पाच मिनिटं घेतली तर तुमची पाळी परत यायला पंचवीस मिनिटं लागतात, आणि गोष्टीत त्या अख्ख्या फेरीचे होतात सहा सेकंद. त्या पंचवीस मिनिटांत फोन उघडलात की संपलं, मग पाळी आली की "काय झालं, कोण मेलं" पासून सुरुवात. विचार करायला वेळ लागत असेल तर दोन पर्याय वहीत लिहून ठेवा. आणि "पर्सेप्शन टाकू का" (काही दिसतंय-ऐकू येतंय का त्याचा फासा) असं थेट म्हणू नका, काय करताय ते सांगा, "कपाटामागे हात घालून चाचपतो", फासा टाकायला लावायचा की नाही ते डीएम बघेल, कधी कधी तसंच सापडतं. अजून एक, वीस पडले म्हणजे काहीही होतं असं नाही, पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे वीसला वार नक्की लागतो, पण राजाला "तुझं राज्य मला दे" म्हणून वीस टाकलेत तर फार तर तो हसेल.

आवाज बदलता येत नाही? काही बिघडत नाही, "माझा चोर म्हणतो की पैसे आधी हवेत" इतकं पुरतं. भाषेचंही टेन्शन नको, नियम इंग्रजीत, भांडणं मराठीत, आणि कुठलाही सरायवाला थोड्या वेळात कोल्हापुरी बोलायला लागतोच. नवा माणूस स्वतःची वाक्यं पाठ करत बसतो आणि त्यात शेजारचीने टाकलेला धागा सुटतो, तिची जादूगारीण मघापासून त्या अंगठीबद्दल काहीतरी लपवतेय. तिला गोष्टीतच विचारा, "काय गं, अंगठी बघून गप्प का झालीस?" या एका प्रश्नाने तिला खेळायला जागा मिळते, डीएमला दोन मिनिटं पाणी प्यायला मिळतं, आणि पुढच्या वेळी ती तुमच्या आत्याबद्दल विचारते. पूर्वी टेबलवर एक जण नकाशा काढायचा, एक जण कॉलर म्हणजे सगळ्यांच्या वतीने डीएमला सांगणारा असायचा. आता तसं फार कुणी करत नाही पण एखादं काम उचला, नोट्स, कुणाची पाळी कधी त्याची यादी, मिळालेल्या सोन्याचा हिशोब. नोट्स घेणारा सगळ्यांचा लाडका असतो, कारण तीन आठवड्यांनी त्या गावाच्या पाटलाचं नाव डीएमलाही आठवत नसतं.

संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबा, डीएमला काय आवडलं ते नेमकं सांगा (नुसतं "मस्त" म्हटल्याने त्याला काही कळत नाही), आणि पुढच्या वेळी तुम्ही किल्ल्यात जाणार की बंदरावर ते तिथेच ठरवून टाका, नाहीतर तो बिचारा दोन्हीची तयारी करणार. लेव्हल वाढली असेल तर नवीन आकडे घरी भरा, टेबलवर नको. आणि येणं जमणार नसेल तर रविवारी सकाळी नाही, गुरुवारपर्यंत कळवा, तुमच्या आत्याचा सीन त्याने लिहून ठेवलेला असू शकतो.