घंटागाडी गेल्यावरच रेकॉर्डिंग

गोदावरीचा १९६९ चा पूर पाहिलेली माणसं आता नाशकात कमी आणि बाहेर जास्त. कुणी पुण्याला लेकीकडे, कुणी मेलबर्नला मुलाकडे. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं होतं, काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला लागलं की नाही, यावर ती अजूनही तावातावाने बोलतात, फक्त आता व्हिडिओ कॉलवर. पंचवटीतल्या आमच्या मागच्या खोलीत बसून मी ते कॉल रेकॉर्ड करते. खालची तयारी बरीचशी फजिती झाल्यावर सुचलेली आहे.

सुरुवात विजेपासून. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडून पुन्हा चालू होतो. बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोडचा, म्हणजे लाइट गेल्यावर झटकन बॅटरीवर जाण्याचा खटका असतो, तो तिकडे करून ठेवा. लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटरला नसते, आणि राउटर एकदा बंद पडला की परत इंटरनेट यायला दोन-चार मिनिटं सहज जातात. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट किती लिहिलेत ते बघून घ्या, बहुतेकदा १२ असतात. वीजबंदीचा मेसेज आलाय का, हे आदल्या रात्री फोनवर बघायचं.

आता माझी फजिती. एका आजींशी पन्नास मिनिटं बोलले, सरदार चौकाकडून पाणी कसं चढत आलं, देवघरातले देव परातीत घेऊन माडीवर कसे नेले, सगळं आलं. तेवढ्यात लाइट गेले आणि कॉम्प्युटर बंद पडला. फाइल एमपी४ होती, ती उघडलीच नाही. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते, मधेच तुटलं की प्लेअरला त्यातलं काही सापडत नाही. आजी पुढच्या आठवड्यात पुन्हा बसल्या, पण ‘मागे सांगितलं ना तुला’ म्हणत सगळं पंधरा मिनिटांत उरकलं. परात आलीच नाही. तेव्हापासून ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये फाइलचा प्रकार एमपी४ ऐवजी एमकेव्ही. लाइट गेले तरी तोवरचं जवळजवळ सगळं वाचतं, आणि नंतर ओबीएसमध्येच ‘रीमक्स’ केलं की एमपी४ मिळते.

ओबीएस फुकट आहे. त्यात आवाजाचे वेगवेगळे ट्रॅक, म्हणजे पट्टे असतात; तुमचा माईक ट्रॅक एकवर आणि कॉम्प्युटरमधून येणारा पाहुण्याचा आवाज ट्रॅक दोनवर टाका. दोन्ही एकाच ट्रॅकवर असले, तर तुमच्या खोकल्याखाली दबलेलं पाहुण्याचं वाक्य नंतर कुणालाच सोडवता येत नाही. सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, विंडोजमध्ये आणि ओबीएसमध्ये सारखाच, ४८ किलोहर्ट्झ. कॉल झूमवर असेल तर झूमचंही रेकॉर्डिंग सोबत चालू ठेवा, आणि सेटिंगमध्ये प्रत्येकाच्या आवाजाची वेगळी फाइल करण्याचा पर्याय टिक करा. एकाने दगा दिला तर दुसरं आहे. झूमच्या फुकट खात्यात मीटिंग ४० मिनिटांत संपते, तेव्हा पाहुण्याला आधीच सांगून ठेवा की मधे एकदा परत जोडायचंय. नाहीतर पलीकडचे आजोबा ‘पोरीने फोन आपटला’ म्हणून रुसतात.

डिस्कवर जागा किती लागते? सेकंदाला ६००० किलोबिटने (केबीपीएस) तासाभराचा व्हिडिओ साधारण २.७ जीबी होतो. मी ३० जीबी मोकळे असल्याशिवाय बसत नाही. विंडोज अपडेट आठवडाभर पॉज, स्लीप बंद, नोटिफिकेशन बंद, ब्राउझरचे टॅब बंद. कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप तर बंदच, त्याची टिंग थेट ट्रॅक दोनमध्ये जाऊन बसते.

वाय-फायच्या भानगडीत पडू नका. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल ओढा, दाराखालून ओढावी लागली तरी.

आवाजावर मात्र वेळ घालवा, कारण चित्र फुटलं तरी लोक ऐकतात, आवाज फुटला की उठून जातात. माईक तोंडापासून एक वीत, तोंडासमोर नको, किंचित बाजूला, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ची फुंकर बसत नाही. कानात वायरचे इअरफोन हवेत. स्पीकरवर ऐकलं तर पाहुण्याचा आवाज तुमच्या माईकमधून परत फिरतो. ब्लूटूथ हेडसेटचा माईक चालू केला की बहुतेक वेळा त्याचा आवाज साध्या फोनसारखा चपटा होतो. फरशीवर सतरंजी, समोरच्या भिंतीला दोरी बांधून गोधडी. कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याच्याकडे तोंड करून बसलं तरी घुमणं बरंच कमी होतं. पंखा बंद. एप्रिलमध्ये हे जिवावर येतं, म्हणून मी सकाळची वेळ घेते. पण सकाळी घंटागाडी असते, शेजारचा कुकर असतो. आमच्या गल्लीत सव्वानऊला सगळं थंडावतं. तुमच्या गल्लीचा असा शांत तास कोणता, हे दोन दिवस घड्याळ लावून बघा.

उजेड खिडकीचा, आणि खिडकी तुमच्या समोर. ट्यूबखाली बसावंच लागलं आणि चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर वेबकॅमच्या सेटिंगमध्ये ६० च्या जागी ५० हर्ट्झ करा, आपल्याकडची वीज ५० ची आहे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. माझा लॅपटॉप द्राक्षांच्या रिकाम्या पेटीवर आणि वर चार दिवाळी अंकांवर बसतो.

इथवरची तयारी आपल्या हातातली. खरी गोम पलीकडच्या टोकाला असते, आणि ती मी फार उशिरा ओळखली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दहा मिनिटांचा चाचणी कॉल कराच, तोही आजोबांशी नव्हे, त्यांच्या नातवाशी किंवा सुनेशी. त्यांना सांगून ठेवायचं: फोन हातात धरायचा नाही, पाण्याच्या तांब्याला टेकवून आडवा उभा करायचा. चार्जर लावलेला. मागे खिडकी नको. ऐकू कमी येत असेल तर नातवाचे वायरचे इअरफोन. आणि घरातला दुसरा एक फोन फ्लाइट मोडवर टाकून, त्यातलं व्हॉइस रेकॉर्डर चालू करून आजोबांच्या समोर ठेवायचा. इंटरनेट कितीही अडखळलं तरी या फोनवरचा आवाज स्वच्छ राहतो. सुरुवातीला आजोबांना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायला सांगा, ती टाळी धरून हा आवाज नंतर व्हिडिओशी जुळवता येतो. आजोबांना टाळी वाजवायला फार आवडतं, एकाने तर आरतीच सुरू केली होती.

परदेशातला पाहुणा असेल तर वेळ त्यांच्या आणि आपल्या घड्याळात, दोन्ही लिहून पाठवा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं सरकतात, आपली सरकत नाहीत.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिला प्रश्न परवानगीचा: नाव, गाव, आजची तारीख, आणि हे कुठे वापरलं तर चालेल. हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

कॉल संपल्यावर झूम आपली फाइल तयार करायला घेतं, ते पुरं होईपर्यंत कॉम्प्युटर बंद करू नका. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्षापासून. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. आणि पलीकडच्या त्या दुसऱ्या फोनमधली फाइल त्याच दिवशी मागवून घ्या, व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. उद्या पाठवतो म्हणाले तर गोड बोलून तिथल्या तिथे पाठवायला लावा. तो फोन नातवाचा असतो, आणि नातवाच्या फोनमधली जागा कायम भरलेली असते.