तेराव्याच्या आत जावई-सुनांचे कागद घ्या

गोव्यात घरचं माणूस गेल्यावर वारसाचे कागद कसे करायचे, त्याबद्दल हे. मृत्यूच्या दाखल्याबद्दल फार सांगत नाही. मरणाची नोंद 21 दिवसांच्या आत पंचायतीत किंवा पालिकेत व्हायला हवी. इस्पितळात मरण आलं तर इस्पितळ कळवतं, घरी आलं तर आपण कळवायचं. प्रती भरपूर घ्या, कारण प्रत्येक कचेरी एक ठेवून घेते. दाखला हातात आला की नावाचं स्पेलिंग तिथेच, खिडकीवर उभं राहून, आधारशी ताडून बघा. हे शेजारचे काकाही सांगतील.

जे कोणी सांगत नाही ते असं: घरात सगळी माणसं जमलेली असताना, तेराव्याच्या आत, प्रत्येक जावयाचे आणि प्रत्येक सुनेचे कागद मागून घ्या. लग्नाचा दाखला, आधार, पॅन आणि जन्माचा दाखला. बाबांच्या वेळी आमच्याकडे हेच राहिलं. भावंडांचे सगळे कागद एका फाईलमध्ये नीट लावलेले होते, आणि काम अडलं ते धाकट्या जावयाच्या सहीवर. तो बोटीवर नोकरीला. तेराव्याचं जेवण झालं, दोन दिवसांनी तो जहाजावर चढला, आणि त्याचं कंत्राट संपून तो परत येईपर्यंत आमची फाईल जिथल्या तिथे पडून होती.

त्याची सही कशाला हवी, असं आपल्याला वाटतं, कारण बाहेरून ऐकलेलं असतं की वारस म्हणजे मुलगे आणि मुली. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत आली, आणि वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या गोव्याच्या कायद्यात आहे, जो 2016 पासून अंमलात आला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि वारशाने येणारा हिस्साही त्या सामाईकात जातो. म्हणजे मुलीला मिळणाऱ्या भाटात (बागायतीत) जावयाचा वाटा आहे, मुलाला मिळणाऱ्या घरात सुनेचा. म्हणून कागदावर दोघांची नावं आणि दोघांच्या सह्या. याच नियमाने आईचा अर्धा भाग बाबांकडून वारशाने येत नाही, तो लग्नापासून तिचाच असतो. हे आईला बसवून समजावून सांगा. नवरा गेल्यावर आपण मुलांच्या आधाराने राहायचं, असं तिच्या मनात घर करून बसतं, आणि कचेरीत तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून सगळे भावाशीच बोलतात. तसं होऊ देऊ नका.

आता जावयाला कागद मागायचा संकोच. मला माहीत आहे. सुतकात कोणाला झेरॉक्स मागायची म्हणजे जीभ उचलत नाही, वडीलधाऱ्यांना वाटतं की चिता विझली नाही तोवर वाटणी काढली. म्हणून घरातल्या एका जाणत्या माणसाने, मामाने किंवा थोरल्या काकांनी, दहाव्यानंतर सगळ्यांसमोर एकदाच सांगावं की वाटणी आज करायची नाही, फक्त कागद एकत्र ठेवायचे आहेत. असं सांगितलं की कोणी रागावत नाही. ज्याच्याकडे लग्नाचा दाखला नसेल त्याने तो सिव्हिल रजिस्ट्रेशन कचेरीतून काढायचा. गोव्यात लग्नाची नोंद तिथे असते, देवळातला फोटो आणि पत्रिका चालत नाही. एखादं लग्न सावंतवाडीला किंवा बेळगावला झालेलं असेल, सून किंवा जावई बाहेरचा असेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. तिथे सामाईक मालमत्तेचा प्रश्न वेगळा सुटतो आणि शेवटी कळलं तर सगळा मसुदा परत लिहावा लागतो.

जो कोणी बोटीवर, आखातात किंवा लंडनला जाणार आहे त्याचं मुखत्यारपत्र तो जायच्या आधी करून घ्या. विमानतळावर सोडायला जाल त्याच्या आधी. त्याचं एकट्याचं पुरत नाही, त्याच्या बायकोचंही लागतं, किंवा मुलगी बाहेर असेल तर तिच्या नवऱ्याचंही. परत सांगते: दोघांचं. बाहेर गेल्यावर करायचं ठरवलं तर दुबईत भारतीय वकिलातीत वेळ घ्यावी लागते, पोर्तुगालात किंवा इंग्लंडमध्ये तिथल्या नोटरीकडून करून अपोस्टिल, म्हणजे तो कागद इथे खरा धरला जावा म्हणूनचा तिथला सरकारी शिक्का, लावावं लागतं, आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मजकूर मात्र गोव्यातल्या वकिलाकडूनच लिहून पाठवा. इंटरनेटवरून घेतलेला नमुना परत येतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला म्हणून भावाचा हक्क जात नाही आणि त्याच्या सहीची गरजही संपत नाही. त्याला वगळून पुढे जाऊ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. सगळे एकमताचे असतील, वारस कोण एवढंच कागदावर आणायचं असेल, तर सक्सेशन डीड. ते सब-रजिस्ट्रारसमोर होतं, तोच इथे खास नोटरी. घराण्याची माहिती असलेली, पण स्वतः वारस नसलेली तीन माणसं शपथेवर सांगायला आधीच ठरवून ठेवा. शेजारी चालतात, आणि वय झालेल्याला सकाळच्या वेळेला न्या. डीडचा गोषवारा वर्तमानपत्रात येतो. अशा नोटिसा आपण रोज पानाच्या तळाशी बघतो आणि उलटतो. दुसरी वाट इन्व्हेंटरी. ती दिवाणी न्यायालयात, जेव्हा खरोखर वाटणी करायची असते किंवा पटत नसतं तेव्हा. तिथे कॅबेसा द कासाल, म्हणजे मालमत्ता सांभाळणारा घरचा प्रमुख, नेमला जातो, बहुतेक वेळा मागे राहिलेली आई. मालमत्तेची यादी शपथेवर देणं आणि उत्पन्नाचा हिशेब ठेवणं तिच्यावर येतं. वारसांमध्येच बोली लागू शकते, जो जास्त बोलेल त्याला ती वस्तू, आणि इतरांच्या वाट्याचे पैसे त्याने भरायचे. बोलीत उतरायचं असेल तर पैशांची सोय आधी बघा. राहत्या घरावर बोली लागली आणि हातात काही नसलं, असं झालेली घरं मी पाहिली आहेत. आणि दोन्ही वाटांवर जावई-सुना पक्षकार असतात. नोटीस त्यांनाही जाते. त्यांचा पत्ता चुकीचा दिला की तीच नोटीस फिरत राहते आणि तारीख पडते.

बाबांनी मृत्युपत्र केलं होतं का, ते कपाटात शोधत बसू नका. नोटरीच्या वहीत केलेलं असेल तर त्या कचेरीत विचारा. आणि मुलंबाळं असलेल्या माणसाला इथे सगळं कोणा एकाला लिहून देता येत नाही, स्वतःच्या भागाच्या अर्ध्यावरच त्याची मर्जी चालते. ‘बाबांनी सगळं मला दिलंय’ असं कोणी म्हणत असेल तर भांडण करण्याआधी हे त्याला शांतपणे सांगा.

नावांचा गोंधळ. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये असतात. आजोबांचं नाईक किंवा कामत हे आडनाव तिथे वेगळ्याच अक्षरांत सापडतं, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, तिसऱ्याच. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र लागतं. भाषांतर करणारे थोडे आहेत आणि त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो, म्हणून हे काम आधी सुरू करा. सुनेच्या बाबतीत हेच दुप्पट होतं: माहेरचं नाव, सासरचं नाव, आधारवर तिसरं. तिचा लग्नाचा दाखला हेच त्या सगळ्यांना जोडणारं एकमेव पान आहे. म्हणूनच तो आधी.

मधल्या काळात घर चालायला हवं. बँकेत नॉमिनी असेल किंवा जोडखातं असेल तर पूर्ण कागद दिल्यावर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. शाखेत सक्सेशन डीड मागितलं तर ती मागणी लेखी द्यायला सांगा. नॉमिनी पैसे घेतो, मालक होत नाही, हे भावंडांत आधीच बोलून घ्या. निवृत्तिवेतन असेल तर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज पहिल्याच महिन्यात, त्याचा वारसाच्या कागदांशी संबंध नाही, ते कशासाठीही थांबवू नका. आईच्या स्वतःच्या खात्याला नॉमिनी आहे का, ते त्याच फेरीत बघा.

पावसाच्या आधी कौलं चाळायची वेळ येते आणि प्रश्न पडतो की घर कोणाचं, खर्च कोणी करायचा. जो गावात आहे तो करतो आणि दोन वर्षांनी त्याच्यावरच संशय येतो. वही घाला. कौलांचा खर्च, घरपट्टी, वकिलाचे पैसे, नारळ-काजूचं उत्पन्न, सगळं तारखेसह, आणि दर महिन्याला पानाचा फोटो सगळ्यांना, जावई-सुनांनाही. उशिराने माणसं वाईट होत नाहीत, पण महिनोन्‌महिने काहीच कळलं नाही की परदेशात बसलेल्या बहिणीला वाटू लागतं की मागे काहीतरी चाललंय. कचेरीत काही घडलं नसेल तर ‘या महिन्यात काही झालं नाही’ एवढंही कळवा. आणि आईला दर आठवड्याला ‘काय झालं?’ विचारणाऱ्या नातेवाइकांना बाहेरच थांबवा.

कोऱ्या कागदावर सही कोणीही करायची नाही. मूळ दाखले एजंटच्या हातात द्यायचे नाहीत, ‘दोन दिवसांत आणतो’ म्हणाला तरी. गेलेल्या माणसाच्या नावावर जमीन वर्षानुवर्षं पडून राहिली आणि वारस बाहेर असले की खोटे कागद करून ती विकणारे असतात. 2022 साली सरकारला अशा प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. अधूनमधून एक-चौदाचा उतारा काढून बघत राहा.

चवथीला सगळे परत घरी येतात, राहिलेल्या सह्यांसाठी ते दिवस धरा, पण सब-रजिस्ट्रारची वेळ आधी घ्या, कारण त्या आठवड्यात कचेरीतली माणसंही सुट्टीवर असतात. चवथीला कोण येणार नाही ते मे महिन्यातच विचारा. त्यात जावई-सुना मोजा.

डीड झालं की काम संपत नाही. मामलेदार कचेरीत म्युटेशनचा (जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याचा) अर्ज, पंचायतीत घरपट्टी, मग वीज, पाणी, गॅस. कुळ किंवा मुंडकार (आपल्या जमिनीवर घर करून राहणारा) असेल तर ते वकिलाला आधीच सांगितलेलं असू द्या. बाबांचं आयकर विवरणपत्र वारस म्हणून नोंदणी करून भरायचं, पॅन त्याआधी रद्द करू नका. मुंबईत खोली असेल तर 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे गोवेकराच्या बाहेरच्या मालमत्तेलाही इथलाच वारसा कायदा लागतो, तिथल्या सोसायटीला तो निकाल दाखवा. शेअर, लॉकर, गाडी यांचे अर्ज वेगवेगळे, पण कागद तेच.

आणि त्या कागदांत जावई-सुनांचे लग्नाचे दाखले आहेत का, ते फाईल बंद करण्याआधी पुन्हा बघा.