कडेला उभ्या असलेल्या पालकांनो, या चुका टाळा

1883 साली शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी मुलांच्या पायांत चेंडू दिला, तेव्हापासून गोव्यात फुटबॉल खेळणाऱ्यांची कधी वाण पडलेली नाही. वाण आहे ती शिट्टी वाजवणाऱ्यांची. बार्देश आणि डिचोलीच्या मैदानांवर मुलांचे सामने खेळवता खेळवता माझ्या गुडघ्यांची रया गेली आहे, आणि अलीकडे दर शनिवारी रात्री मला दोन-तीन तरी फोन येतात की उद्या सकाळी रेफरी नाही, काही तरी करा. फोन करणारे गृहस्थ बहुधा तेच असतात, ज्यांच्या संघाच्या पालकांनी आधीच्या रविवारी रेफरीला रडकुंडीस आणलेले असते. म्हणून त्याच त्या चुका एकदा लिहूनच काढाव्यात असे ठरवले.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नियम माहीत नसताना ऑफसाइडसाठी, म्हणजे पास मिळणारा खेळाडू चेंडूच्या आणि बचावाच्या पुढे उभा होता म्हणून, ओरडणे. कडेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत टाकतात त्या थ्रोवर ऑफसाइड नसतो; गोलकिकवर नसतो आणि कॉर्नरवरही नसतो. आपल्या अर्ध्या भागात उभ्या असलेल्या खेळाडूला ऑफसाइड देता येत नाही. आणि ऑफसाइड ठरतो तो साथीदाराच्या पायातून चेंडू सुटतो त्या क्षणी खेळाडू कोठे होता यावरून, चेंडू त्याच्यापाशी पोहोचला तेव्हा तो कोठे होता यावरून नव्हे. पालकाची नजर मात्र चेंडूबरोबर धावत असल्यामुळे त्याला नेहमी दुसरा क्षण दिसतो, आणि प्रत्येक चपळ मुलगा त्याला चोर वाटतो. मुलांच्या सामन्यांना सहाय्यक पंच क्वचितच मिळतात, त्यामुळे एकटा रेफरी मैदानाच्या मधून हा क्षण पकडत असतो. त्याचीही चूक होते, परंतु झाडाखाली चहाचा पेला धरून उभ्या असलेल्या माणसाला तो क्षण त्याच्यापेक्षा स्पष्ट दिसला, हे मला कोणी पटवू नये.

काही वर्षांपूर्वी बार्देशातल्या एका गावात, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, तेरा वर्षांखालील मुलांचा सामना होता. धसकटे अजून बुटांना अडत होती. रेफरी होता बारावीत शिकणारा एक मुलगा. त्याचा तो पहिलाच हंगाम, आणि ज्येष्ठ म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी मी तेथे गेलो होतो. शेवटची पाच-सहा मिनिटे उरली असताना पाहुण्या संघाने लांब थ्रो टाकला, गोलपाशी एकट्या उभ्या असलेल्या मुलाने तो पायावर घेतला आणि चेंडू आत ढकलला. रेफरी मुलाने शिट्टी वाजवून गोल दिला, जो नियमाप्रमाणे अगदी बरोबर होता. लगेच वीस-पंचवीस पालक ‘ऑफसाइड, ऑफसाइड’ म्हणून उसळले. ‘रेफ्री, दोळे खंय दवरल्यात?’ (डोळे कुठे ठेवलेत?) अशी हाक आली, आणि एक वडील हातात हेल्मेट घेऊन सरळ मैदानात शिरले. त्यांनी हात उगारला नाही. ते फक्त त्या मुलाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. मुलाने इकडेतिकडे पाहिले आणि गोल रद्द केला.

खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी रेफरीला आपला निर्णय बदलता येतो, त्यामुळे कागदोपत्री त्यात काही बेकायदा नव्हते. मग दुसऱ्या बाजूचे पालक उसळले, आणि उरलेली मिनिटे दोन्हीकडच्या शिव्यांत गेली. सामना संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि त्याने विचारले, ‘‘सर, थ्रोवर ऑफसाइड असतो का?’’ हाच नियम त्याने महिनाभरापूर्वी परीक्षेत न अडखळता सांगितला होता. पुढच्या रविवारसाठी मी त्याला निरोप पाठवला, त्याचे उत्तर आले नाही. त्यानंतरच्याही आले नाही.

यात माझी चूक त्या हेल्मेटवाल्या गृहस्थांपेक्षा लहान नव्हती. मुलाने स्वतःच सावरायला शिकले पाहिजे, या कौतुकाच्या कल्पनेने मी आंब्याच्या सावलीतून हललो नाही. तेव्हापासून नव्या रेफरीच्या पहिल्या दहा सामन्यांना मी पालकांच्या मधोमध उभा राहतो. रेफरीशी एक शब्द बोलत नाही. बोलायचे ते शेजारच्या माणसाशी, हळू आवाजात, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते.

पालकाला पिवळे कार्ड दाखवता येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. 2019 पासून प्रशिक्षक आणि संघाच्या बाकावरील पदाधिकाऱ्यांना कार्ड दाखवता येते, पण कडेचा प्रेक्षक त्या यादीत बसत नाही. रेफरीच्या हाती उरते ते सामना थांबवणे, आणि ओरडणे थांबत नसेल तर तो सोडून देणे. म्हणजे ओरडणाऱ्याची शिक्षा बावीस मुले भोगतात. इंग्लंडमध्ये 2023 साली हौशी सामन्यांतील रेफरींच्या छातीवर कॅमेरे लावून पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. आपल्याकडे पाण्याची बाटली वेळेवर मिळाली तरी रेफरी समाधान मानतो, तेथे कॅमेऱ्याची गोष्ट दूरच.

चेंडू हाताला लागला की प्रत्येक वेळी ‘हँड’ होत नाही. एवढे लक्षात ठेवा आणि पुढे चला.

आपल्याच मुलाला कडेवरून ‘मार, पास दे, मागे ये’ असे सांगत राहू नका. प्रशिक्षक वेगळे सांगत असतो आणि मूल दोघांच्या मध्ये थिजते. तोंड आवरत नसेल त्यांनी माझ्या एका शेजाऱ्याचा उपाय करावा. ते सामन्याला येताना चण्यांची पुडी आणतात आणि शिट्टी वाजली की मूठभर तोंडात टाकतात.

‘ओरडणाऱ्याच्याच हातात शिट्टी द्या, मग कळेल’ हा सल्ला मला दर हंगामात कोणी ना कोणी देतो. मी तो एकदा ऐकला होता. त्या गृहस्थांना काहीही कळले नाही, त्यांनी स्वतःच्या मुलाला दोन पेनल्टी दिल्या, आणि अकरा वर्षांखालील मुलांचा एक रविवार फुकट गेला. माणसाला धडा शिकवण्यासाठी मुलांचा सामना वापरणे हा आळशीपणा आहे.

नव्या रेफरींनाही दोन शब्द सांगतो, कारण सारा दोष कडेलाच असतो असे नाही. मोबाइलवर क्लिपा पाहून नियम येत नाहीत. पुस्तक वाचावे लागते, आणि ते दर वर्षी बदलते. दुसऱ्या हंगामातच फातोर्ड्याच्या मोठ्या स्टेडियमवरचे सामने मागणाऱ्यांना मी सांगतो की आधी एखाद्या वाड्यावरच्या मैदानावर पन्नास सामने खेळवा. शिट्टी मात्र पहिल्या दिवसापासून जोरात वाजवा. ती दबकत वाजली की कडेच्या माणसांना लगेच वास लागतो. खिशात दुसरी शिट्टी ठेवा, कारण पहिली पावसात भिजून मुकी होतेच.

आता क्लबांविषयी. एकाच रेफरीकडून सकाळपासून चार सामने उरकून घेणे ही काटकसर नव्हे. मे महिन्याच्या घामट उन्हात चौथ्या सामन्याला त्याचे पाय चेंडूमागे पडतात, निर्णय लांबून दिले जातात, आणि मग त्या निर्णयांवर बोंब मारायला आपणच मोकळे होतो. रेफरी दोनच मिळाले तर दोन सामने पुढच्या आठवड्यावर ढकला. मुले रुसतील, पण ती तासाभरात विसरतात. मानधन त्याच दिवशी, मैदानावरच, पाकिटात घालून द्या. ‘नंतर पाठवतो’ म्हटलेले पैसे मिळवण्यासाठी सतरा वर्षांचा मुलगा कोणाला तीन वेळा फोन करत नाही, तो सरळ येणे बंद करतो. आणि सामना संपल्यावर त्याला बसथांब्यापर्यंत सोडा. विशेषतः यजमान संघ हरला असेल तेव्हा त्याला एकटे चालत पाठवू नका. कोणाची तरी मोटार त्या वाटेने रिकामी जातच असते.