अकरा इंची लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट बसवताना

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि अकरा इंची पडदा, ४ जीबी रॅम व ३२ जीबी ईएमएमसी (मदरबोर्डवरच बसवलेली स्वस्त फ्लॅश) साठवण असलेल्या छोट्या लॅपटॉपांच्या मालकांपुढे पेच उभा राहिला. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी साठवण लागत असल्याने तो मार्ग अशा यंत्रांना मुळातच बंद आहे. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत संगणक प्रणाली मात्र २ जीबी रॅम आणि २० जीबी जागेत बसते, आणि त्याच्या सिनॅमन, माटे व एक्सएफसीई या तीन रूपांपैकी एक्सएफसीई हे सर्वांत हलके असल्याने छोट्या लॅपटॉपसाठी तेच निवडावे. उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेल्या मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पाहून घ्यावी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्याखालील अबाउट या पानावर यंत्राचा प्रकार लिहिलेला असतो. तेथे प्रोसेसर आणि प्रणाली दोन्ही ६४-बिट असल्याचे दिसले, तर पुढे जाण्यास हरकत नाही. मात्र प्रोसेसर ६४-बिट आणि विंडोज ३२-बिट असे मिश्रण दिसले, तर सावध व्हावे, कारण यूईएफआय (यंत्र चालू होताच प्रणाली सुरू करून देणारे, लॅपटॉपमध्येच असलेले फर्मवेअर) पद्धतीने सुरू होणारे विंडोज त्या यूईएफआयच्याच बिटांचे असावे लागते. याचा अर्थ लॅपटॉपचे यूईएफआय ३२-बिट असण्याची दाट शक्यता असते आणि मिंटचा पेनड्राइव्ह त्याला ओळखताच येत नाही. एक काळ असे अॅटम प्रोसेसरचे स्वस्त लॅपटॉप पुष्कळ निघाले. त्यांच्यासाठी डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची ३२-बिट प्रत घ्यावी. बाकीची कृती बरीचशी सारखीच आहे.

त्यानंतर आपली कागदपत्रे, फोटो आणि ब्राउझरमधील पासवर्ड दुसरीकडे उतरवून घ्यावेत. ३२ जीबीमध्ये दोन प्रणाली शेजारी-शेजारी ठेवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण तेवढ्या जागेत दोन्हींची घुसमट होते. म्हणून येथे विंडोज पूर्णपणे पुसण्याचीच पद्धत दिली आहे. विंडोज ८ नंतर विंडोजसह विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपांत परवान्याची किल्ली फर्मवेअरमध्येच साठवलेली असते, त्यामुळे पुढे कधी विंडोज परत बसवायचे झाल्यास ती शोधत बसावे लागत नाही.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा असावा, आणि त्यावरचे सर्व काही पुसले जाणार आहे हे लक्षात ठेवावे. (घरातील लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह मी याच घाईत एकदा पुसला आहे, तेव्हापासून या कामाच्या पेनड्राइव्हला लाल दोरा बांधून ठेवतो.) मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून तीन जीबीच्या आसपासची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणालीची एकसंध प्रत) उतरवून घेतल्यावर तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का, हे ओळखण्याचा अक्षर-अंकांचा ठसा) संकेतस्थळावरील बेरजेशी जुळते का, ते तपासावे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधील सर्टयुटिल या आज्ञेने ही बेरीज मिळते. उतरवताना तुटलेली फाइल बहुधा बसवण्याच्या ऐन मध्यावर दगा देते, म्हणून ही दोन मिनिटे वाचवू नयेत.

आता विंडोजवर रुफस हे छोटे मोफत साधन उघडून पेनड्राइव्ह आणि आयएसओ फाइल निवडावी आणि बाकीचे पर्याय आहेत तसेच राहू द्यावेत. लिहिण्याची पद्धत विचारली गेल्यास आधी आयएसओ पद्धत घ्यावी. त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू झाला नाही, तर डीडी पद्धतीने, म्हणजे आयएसओची हुबेहूब नक्कल उतरवून, पुन्हा लिहावे. नंतर तो विंडोजमध्ये लावल्यास फॉरमॅट करण्याची सूचना येऊ शकते, पण ती मान्य करू नये.

लॅपटॉप बंद करताना शिफ्ट कळ दाबून धरावी, म्हणजे विंडोज अर्धवट झोपी न जाता खरोखर बंद होते. मग पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताच बूट मेनूची (यंत्र कशावरून सुरू करायचे ते विचारणाऱ्या यादीची) कळ भराभर दाबावी. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक यंत्रांत ती एफ१२, एचपीत एफ९ आणि असूसमध्ये एस्केप असते. एसरमध्येही ती एफ१२च आहे, मात्र अनेकदा आधी एफ२ दाबून बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन हा मेनू चालू करावा लागतो. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त स्वाक्षरी केलेल्या प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय, सहसा चालू ठेवता येते. पडताळणी अयशस्वी झाल्याचा संदेश आला, तरच ते बंद करावे. पण ते बंद करून पुन्हा विंडोजमध्ये शिरल्यास एन्क्रिप्शनची (साठवण कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, म्हणून ती आधीच लिहून ठेवावी.

पेनड्राइव्हवरून मिंटचा डेस्कटॉप उघडला, तरी लॅपटॉपमधील साठवणीला अजून हात लागलेला नसतो. येथे अर्धा तास रेंगाळावे. वाय-फाय जोडून पाहावे, आवाज ऐकावा, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकते का ते बघावे, आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, याची खात्री करावी. वाय-फाय दिसत नसेल, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे. आवश्यक ड्रायव्हर पुढे त्याच जोडणीवरून उतरवता येतो.

समाधान झाल्यावर डेस्कटॉपवरील इन्स्टॉल चिन्ह उघडावे. भाषांच्या यादीत मराठी असली, तरी बसवताना इंग्रजी ठेवावी असे माझे मत आहे, कारण मध्येच अडचण आल्यास इंग्रजी संदेशावर उपाय चटकन सापडतो. पडद्याची उंची ६०० किंवा ७६८ बिंदूंची असली, तर खिडकीच्या तळाची बटणे पडद्याबाहेर जाऊ शकतात आणि यंत्र अडकल्यासारखे वाटते. अशा वेळी ऑल्ट कळ दाबून धरून खिडकी माउसने वर ओढावी. मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी व व्हिडिओ चालवण्यासाठी लागणाऱ्या साधनांच्या) चौकटीत खूण करावी.

साठवण निवडण्याच्या पानावर मात्र थांबून वाचावे. नेहमीच्या हार्डडिस्कच्या संगणकावर एसडीए म्हणजे आतली डिस्क असते. ईएमएमसी असलेल्या लॅपटॉपवर मात्र एसडीए हे नाव बहुधा पेनड्राइव्हलाच मिळते आणि आतली साठवण एमएमसीबीएलके या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाने दिसते. तिच्याबरोबर बूट० आणि बूट१ असे काही एमबीचे दोन तुकडेही दिसू शकतात. त्यांना हात लावू नये. नावापेक्षा आकारावर विश्वास ठेवावा: ३२ जीबीची साठवण २९ ते ३१ जीबीच्या दरम्यान दाखवली जाते. तीच निवडून संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय घ्यावा. विभाग स्वतः पाडायचे असतील, तर तळाशी बूटलोडरसाठीही (प्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी) हेच उपकरण निवडलेले आहे ना, ते पाहावे. अन्यथा बूटलोडर पेनड्राइव्हवर जातो आणि तो काढल्यावर लॅपटॉप सुरूच होत नाही. कालक्षेत्रासाठी नकाशावर कोलकाता निवडावे. मुंबई किंवा पुण्याचे वेगळे नाव तेथे नाही.

काम संपल्यावर सूचना येईल तेव्हा पेनड्राइव्ह काढून एंटर दाबावे. पहिल्या सुरुवातीनंतर अपडेट मॅनेजर चालवावा. टाइमशिफ्ट या मिंटमधील साधनाने काढलेल्या प्रणालीच्या राखीव प्रती याच साठवणीवर ठेवू नयेत, आणि एकच प्रोग्राम फ्लॅटपॅक (जास्त जागा घेणारे स्वयंपूर्ण पॅकेज) व साध्या पॅकेज अशा दोन्ही रूपांत मिळत असेल, तर साधे पॅकेज घ्यावे. एरवी उरलेली जागा काही आठवड्यांत संपते. प्रणाली हलकी झाली, तरी संकेतस्थळे हलकी होत नाहीत, म्हणून ब्राउझरमध्ये एका वेळी मोजकेच टॅब उघडावेत. मराठी टंकलेखनासाठी कीबोर्डच्या मांडणीत मराठी कागापा जोडावी. ती उच्चारानुसारी आहे, आणि इंग्रजी-मराठी बदलण्याची कळ त्याच पानावर ठरवता येते.