नवरा-बायकोचं फाटलं, तर लेकराच्या बाबतीत या चुका टाळा

तालुक्याच्या कोर्टात मी विधी स्वयंसेवक म्हणून बसतो. येणाऱ्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा एक स्टॅम्प पेपर असतोच, घडी करून प्लॅस्टिकमध्ये जपलेला. वर 'फारकतीपत्र', खाली पंचांच्या सह्या, एखादा अंगठा, आणि मधे कुठंतरी ओळ: 'मुलाचा ताबा वडिलांकडे राहील, पत्नीने पोटगीचा हक्क सोडला आहे.' बैठकीत रात्री अकरा वाजता ठरलेलं असतं सगळं. लेकरू तोवर झोपलेलं असतं.

या कागदानं हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. समाजात फारकतीची रूढी आहे असं म्हणायचं, तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. आपल्याकडच्या बौद्ध कुटुंबांनाही हाच १९५५ चा कायदा लागू आहे, हे अनेकांना ऐकूनच धक्का बसतो. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींचं वेगळं. तिथं त्यांची रूढी चालते. पण लेकराच्या ताब्याचा प्रश्न आला, की १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोणत्याही जातीधर्माच्या आईबापाला अर्ज करता येतो, आणि लेकराचं हित कशात आहे हे कोर्ट स्वतः पाहतं. पोटगीच्या ओळीचं तर काहीच वजन नाही. लेकराची पोटगी लेकराची. ती सोडून द्यायचा अधिकार ना आईला, ना पंचांना.

अंगणवाडीतून उचलून आणणं

ही चूक दोन्हीकडून होते आणि सगळ्यात महागात पडते. लेकरू आपल्या दारात आलं की कोर्टही आपल्याच गावचं, असा लोकांचा हिशेब असतो. पण ताब्याचा अर्ज लेकरू जिथं नेहमी राहतं, तिथल्या जिल्ह्यात करावा लागतो. चार दिवसांपूर्वी मोटारसायकलवर बसवून आणलं म्हणून ते नेहमीचं घर होत नाही. उलट, चालू शाळेतून उठवून आणणारा माणूस त्याचं काय भलं करणार, हा प्रश्न न्यायाधीशांना पडतोच.

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं, असं १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. 'साधारणपणे' हा शब्द आईच्या बाजूनं येणारे विसरतात, आणि बापाच्या बाजूनं येणारे वाढदिवस मोजत बसतात. "भाऊ, येत्या पोळ्याले पाच पूर्ण होतेत," असं एकानं मला बोटं मोजून सांगितलं होतं. पाच पूर्ण झाल्यानं ताबा आपोआप बदलत नाही.

मारहाण होत असेल तर मात्र थांबू नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात संरक्षणासोबतच लेकराचा तात्पुरता ताबाही मागता येतो. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर फोनमध्ये आजच टाकून ठेवा.

लेकराला पाठ करून आणणं

कोर्टाच्या व्हरांड्यात आठेक वर्षांचा एक पोरगा बाकावर बसला होता, पाय हलवत. मी सहज विचारलं, "कोन्त्या वर्गात आहेस बाबू?" तो म्हणाला, "माह्या मायनं माहा मानसिक छळ केला." पुढच्या वाक्यात अडला, तेव्हा बाजूला बसलेल्या आजोबांचे ओठ हलले.

न्यायाधीश अशा पोरांशी चेंबरमध्ये एकटं बोलतात. समज असलेल्या मुलाचं मत विचारात घेतलं जातं, त्याला ठरावीक वय नाही. पण दुसरी-तिसरीतलं लेकरू 'मानसिक छळ' म्हणालं, की ते कोणाचे शब्द आहेत हे ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही. फोनवर रेकॉर्डिंग करून आणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. त्यात पोराच्या आवाजाआधी तुमचा आवाज ऐकू येतो.

पैसे नाही, तर भेट नाही

पोटगी थकली म्हणून आई भेट बंद करते. भेट बंद झाली म्हणून बाप पोटगी थांबवतो. कोर्टासाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या बदल्यात दुसरी अडवली की दोघंही चुकतात. बापानं रोख पैसे मेहुण्याच्या हाती देऊ नयेत, खात्यावर टाकावेत. बसस्टँडवर घेऊन दिलेले कपडे आणि कुरकुरे पोटगीत धरले जात नाहीत, कितीही हिशेब सांगितला तरी.

आईनं अर्जाला उशीर करू नये. पोटगीचं जुनं कलम १२५, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. नोटीस लागल्यावर शक्यतो साठ दिवसांत अंतरिम पोटगीचा निकाल व्हावा असं त्यात आहे; पेशीवर पेशी पडते ते वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी आणि दोघांनीही आपली मिळकत व मालमत्ता शपथपत्रावर मांडावी. 'शेती बुढ्याच्या नावावर आहे, माह्याकडे काहीच नाही' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. अशा वेळी सातबारा, फेरफार, कापूस विकल्याची जिनिंगची पट्टी, पीककर्जाचा कागद, जे हाती लागेल ते जोडा. हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज द्या. त्यानंतर त्या रकमेसाठी वॉरंट मिळत नाही.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत या, नाहीतर १५१०० लावा.

कागद

माहेरी आल्यावर टीसी मिळत नाही म्हणून पोरगी दोन-दोन महिने घरी बसते. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत टीसीला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकांना हे लेखी अर्जात लिहून द्या. जातीच्या दाखल्याला बापाकडचे जुने कागद लागतात. तडजोड होत असेल तर त्यांच्या प्रती देण्याची अट तेव्हाच घाला. दहावीनंतर मागायला गेलात तर दार उघडत नाही कोणी.

तडजोडनाम्यात भेटीचे दिवसही नीट लिहा. टाईप करणारा ठरलेलं वाक्य घालतो: 'दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीत निम्मे दिवस.' मागे एका तडजोडीत पोराला विचारलं, बाबांकडे कधी जायचंय? तो म्हणाला, तान्ह्या पोळ्याला, त्याचा लाकडी नंदी तिकडेच आहे. मग कागदावर ती ओळ हातानं लिहिली: 'तान्हा पोळा, सकाळी दहा ते सायंकाळी सात.' दोघांनी तिच्याजवळ वेगळी सही केली.