पेट्रोल फिल्टर बदलताना नळ्या परत कशा बसवाव्यात

फिल्टर बदलून आणल्यावर माझ्या गाडीत दोन दिवस पेट्रोलचा वास येत होता. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, ‘थोडं सांडलं असेल, उडून जाईल.’ तिसऱ्या दिवशी मी स्वतः खाली वाकून पाहिलं. मागच्या नळीच्या कनेक्टरचं लॉक एकाच बाजूने अडकलं होतं आणि फिल्टरखाली ओल होती. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो. यात फिल्टर बसवायला फारसा वेळ लागत नाही. लक्ष द्यायचं ते दोन्ही टोकांच्या जोडांकडे.

फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत या नळ्यांमध्ये साधारण ३ ते ४ बार दाब असतो. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो, त्यापेक्षा हा जास्त. म्हणजे सैल जोडातून पेट्रोल नुसतं ठिबकत नाही, फवाऱ्यासारखं उडतं, आणि जवळच तापलेला सायलेन्सरचा पाइप असू शकतो.

आधी गाडीचं मॅन्युअल पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत, पंपाबरोबरच असतो. तिथे घरी हात घालू नये. इथे सांगतोय ते टाकीशेजारी, गाडीच्या खाली बसवलेल्या फिल्टरबद्दल.

काम मोकळ्या हवेत आणि इंजिन पूर्ण थंड असताना करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत साचते, म्हणून इमारतीच्या तळघरातलं पार्किंग या कामाला चालत नाही. उजेडाला बॅटरीवरचा एलईडी टॉर्च घ्या, वायरवाला बल्ब नको. डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि हाताशी कोरड्या पावडरचं अग्निशामक ठेवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, भक्कम स्टँड लावा.

आता दाब उतरवायचा. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन चालू करा. ते थोड्या वेळात आचके देत बंद पडेल. त्यानंतर आणखी तीन-चार सेकंद स्टार्टर फिरवा. सीएनजी किट असेल तर आधी गाडी पेट्रोलवर घ्या, नाहीतर इंजिन गॅसवर चालत राहील आणि पेट्रोलच्या नळीतला दाब तसाच राहील. मग चावी काढून बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा आणि टाकीचं झाकण एकदा उघडून परत लावा. एवढं करूनही नळीत थोडं पेट्रोल उरतंच, म्हणून जोड सोडताना त्याभोवती चिंधी गुंडाळा आणि खाली भांडं ठेवा.

काढण्याआधी फोटो काढून ठेवा. फिल्टरवर बाण असतो, त्याचं टोक इंजिनाकडे जाणाऱ्या नळीकडे हवं. प्लास्टिकच्या कनेक्टरच्या लॉकमध्ये पावसाळ्यात चिखल भरतो, तो आधी ब्रशने काढा. मग कनेक्टर किंचित फिल्टरकडे ढकला, लॉक दाबा आणि तेव्हाच मागे ओढा. निघत नाही म्हणून पकडीने पिळला तर प्लास्टिकला तडा जातो.

नळी निघाली की आत टॉर्च मारा. आतल्या ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, जागेवर आहेत ना? कधीकधी एखादी जुन्या फिल्टरच्या तोंडावर चिकटून निघून येते आणि तशीच कचऱ्यात जाते. मग नवा फिल्टर कितीही चांगला असला तरी जोड गळणारच. लॉक तुटलं असेल किंवा ओ-रिंग कडक झाली असेल तर ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या लोखंडी पाइपाचं टोकही नीट पाहा. गंजाने खड्डे पडले असतील तर तिथे ओ-रिंग बसत नाही, पाइपच बदलावा लागतो. नळीवर उंदराचे दात दिसले तर टेप गुंडाळू नका, नळी बदला.

बसवताना फिल्टरचा पट्टा आधी सैलच ठेवा, म्हणजे नळ्या सरळ रेषेत येतील. फिल्टरच्या तोंडावर स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब लावा आणि कनेक्टर ‘टक्’ आवाज येईपर्यंत सरळ दाबा. आवाजावर थांबू नका. नळी मागे जोरात ओढून पाहा. अर्धवट अडकलेलं लॉकही कधीकधी आवाज करतं, पण ओढल्यावर ते सुटतं. दोन्ही बाजूंचं लॉक डोळ्यांनी पाहा, दिसत नसेल तर बोट फिरवा. मगच पट्टा आवळा.

काही जुन्या गाड्यांत कनेक्टरऐवजी मधून भोक असलेला बोल्ट असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे वॉशर दर वेळी नवे घाला. एकदा दाबले गेलेले तांब्याचे वॉशर पुन्हा नीट सील करत नाहीत. बोल्ट आधी बोटांनी फिरवा म्हणजे आटे चुकणार नाहीत. आवळताना दोन पाने वापरा, एकाने फिल्टर धरा, नाहीतर पाइप पिळतो.

रबरी नळी असेल तर क्लिप तोंडावरच्या फुगवट्याच्या मागे बसली पाहिजे. रबर दाबलं जाईल इतकंच आवळा, ते कापलं जाता कामा नये. नवी नळी घेताना ती इंजेक्शनच्या दाबाची मागा. कार्बोरेटरची साधी नळी इथे चालणार नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल मिळतं. त्याला चालतील अशा नळ्या एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत असतात. गाडी त्याआधीची असेल तर तिची जुनी, भेगाळलेली रबरी नळी याच वेळी बदलून घ्यावी, असं मला वाटतं.

सांडलेलं पेट्रोल पूर्ण वाळू द्या. मग फ्यूज आणि बॅटरी जोडा. लगेच स्टार्ट करू नका. चावी फक्त ‘ऑन’ला न्या, दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, असं तीन-चार वेळा करा. यात पंप नळी भरून दाब आणतो. आता दोन्ही जोडांवर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर लगेच दिसते. कोरडा निघाला तरच इंजिन चालू करा आणि दहा मिनिटांनी, इंजिन बंद करून, पुन्हा तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी खाली वाकून जमीन पाहा आणि वास घ्या. जरासाही वास आला तर गाडी चालवू नका, दाब उतरवून तो जोड पुन्हा उघडा.