रास्पबेरी पायचा अडॅप्टर घेताना या चुका टाळा

उन्हाळ्यात नागपुरात काहीही बंद पडलं, की खापर उन्हावर फुटतं. मे महिन्यात प्रतापनगरातलं एक पोरगं आपला रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा एका बोर्डाचा कॉम्प्युटर, घेऊन आलं. "काका, हार्ड डिस्क लावली की हा रीस्टार्ट होते. गरम होत असंन." त्यानं हीटसिंक बदललं होतं, एसडी कार्ड दोनदा नव्यानं लिहिलं होतं, शेवटी उघडा बोर्ड कूलरपुढे मांडला होता. त्या दमट हवेत! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी आधी वायर मागितली. बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरची, दोन मीटर लांब, सुतळीसारखी. अडॅप्टरवर ५ व्होल्ट ३ अँपिअर छापलेलं, आणि ते खोटंही नव्हतं. बोर्डावरच्या जीपीआयओच्या, म्हणजे बाहेरची उपकरणं जोडायच्या पिनांच्या रांगेतल्या, २ (५ व्होल्ट) आणि ६ (ग्राउंड) नंबरच्या पिनांवर मल्टिमीटर धरला (जपून, टोक घसरून २ आणि १ नंबर जुळले तर बोर्ड गेलाच). डिस्क फिरायला लागली आणि आकडा ४.५ वर आला. ४.६३ च्या खाली पाय व्होल्टेज कमी म्हणून बोंब मारतो. वायरचा जाता-येता रोध ०.२ ओहम धरा. ३ अँपिअर गेले, की ०.६ व्होल्ट वायरीतच खलास. म्हणून तर कंपनीचा अडॅप्टर ५.१ व्होल्टचा असतो, आणि वायर त्याला कायमची जोडलेली. माझ्याकडची हातभर लांब, जाड वायर लावली, डिस्क मुकाट चालली.

दुसरी लाडकी चूक: "माझ्याकडे ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर आहे ना!" असू दे. ते वॉट २० व्होल्टवरचे. ५ व्होल्टवर तो बहुतेक वेळा ३ अँपिअरच देतो. पाय ५ ला पाहिजेत ५ अँपिअर. बोर्ड सुरू होतो, पण यूएसबी पोर्टांना मिळून १.६ अँपिअरऐवजी ६०० मिलिअँपिअरच मिळतात. मग डिस्कला शिव्या.

टीव्हीच्या किंवा राउटरच्या यूएसबीवर पाय चालवू नका. एकाच चार्जरवर मोबाईलही लावू नका.

व्होल्टेज पुरतं का, हे पायलाच विचारायची 'गेट थ्रॉटल्ड' कमांड आहे; तिला ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० म्हणजे व्होल्टेज मघाशी पडलं होतं, ०एक्स५०००५ म्हणजे आत्ताही पडलेलं आहे. मी नवा अडॅप्टर लावला, की सगळी उपकरणं जोडून तासाभरानं हे बघतोच. काही उतावळे मात्र पडद्यावरचं विजेचं चिन्ह नको म्हणून सेटिंगमध्ये एक ओळ घालून ती सूचनाच बंद करतात. असा बोर्ड माझ्याकडे आणला, तर आधी ती ओळ खोडायला लावतो.